मुंबईहून पणजी किती दूर?

भिंतीवर टांगलेल्या नकाशावर फूटपट्टी ठेवून मुंबई आणि पणजी या दोन ठिपक्यांमधले अंतर मोजले, तर ते सुमारे ४१० किलोमीटर भरते. जुन्या हिशेबाने अडीचशे मैलांहून थोडे अधिक. मुंबईच्या विमानतळावरून दाबोळीस जाणारे विमान ४२५ किलोमीटरांच्या आसपास अंतर कापते आणि सव्वा तासात प्रवाशाला गोव्याच्या भूमीवर उतरवून देते. तोच प्रवासी कोकणच्या हमरस्त्याने मोटारीतून निघाला, तर सुमारे ५८० किलोमीटर रस्ता त्याच्या वाट्याला येतो. घाटावरून, पुणे-कोल्हापूरमार्गे गेला तर आकडा सहाशेच्या घरात जातो. आणि मिरज, बेळगाव, लोंढा अशी आगगाडीची जुनी वाट धरली तर साडेसातशेच्या आसपास. गावे दोन आणि तीच. पृथ्वीच्या पाठीवरची त्यांची जागा कोणी हलविलेली नाही.

हा फरक डोंगरांनी आणि नद्यांनी पाडला आहे असे भूगोलाचे पुस्तक सांगते, आणि ते खरेही आहे. परंतु सगळा फरक त्यांनी पाडलेला नाही. १९५५ ते १९६१ या काळात मुंबई आणि पणजी यांमधले अंतर एवढे वाढले होते, की ते मोजावयास फूटपट्टी, मैलाचा दगड आणि रेल्वेचे वेळापत्रक यांपैकी एकही उपयोगी पडले नसते. त्या काळात ना एखादा डोंगर उंच झाला, ना एखादी खाडी रुंदावली.

प्रथम भूगोलाचे देणे चुकते करावे. सह्याद्रीच्या कुशीतून निघालेल्या कोकणातल्या नद्या आडव्या, पश्चिमेकडे धावतात. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, पुढे वाघोटन, कर्ली, तेरेखोल. आणि त्यांपैकी बहुतेकींच्या मुखाशी रुंद खाडी. उत्तरेहून दक्षिणेस जाणाऱ्या वाटसरूला यांतली प्रत्येक नदी ओलांडावी लागे, आणि दोन नद्यांच्या मध्ये चढण असे ती वेगळीच. म्हणून कोकणचा माणूस पायवाटेकडे पाठ करून समुद्राकडे पाही. गलबताला ना चढ, ना खाडी. वारा अनुकूल असला म्हणजे मुंबई-गोवे ही एकच सरळ रेघ होती.

ही रेघ फार जुनी आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबई पोर्तुगीजांच्या हवाली केली, तेव्हापासून सुमारे सव्वाशे वर्षे मुंबईचा कारभार गोव्याहून पाहिला जाई. उत्तरेकडची ठाणी आणि गोवे यांच्यामध्ये व्यापारी गलबतांचे तांडे लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात ये-जा करीत. त्यांस काफिला म्हणत. १६६१ च्या विवाह-तहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, आणि १६६५ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने ती अत्यंत नाखुषीने इंग्रजांच्या ताब्यात दिली. एकाच घराच्या दोन खोल्या होत्या, त्यांच्या मध्ये त्या दिवशी परकी भिंत उभी राहिली. पुढे वाटेत आंग्र्यांचे आरमार आले. आंग्र्यांचे दस्तक जवळ नसलेल्या गलबताला मुंबई-गोवे हे अंतर कधी कधी विजयदुर्गापाशीच संपे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातले पोर्तुगीज राज्य आटोपले.

समुद्राचाही एक नियम होता, आणि त्याच्यापुढे व्हाइसरॉय आणि सरखेल दोघेही सारखेच. मे महिना सरत आला की आग्वादच्या किल्ल्याखाली मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा साचे, दर्या खवळे, आणि बंदर मिटे. पावसाळ्याचे तीन-चार महिने मुंबई आणि गोवे एकमेकांना जवळजवळ अनोळखी होत. वर्षातून एकदा अंतर असे आपोआप वाढे आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा आखडे. लोकांनी त्याचे वाईट वाटून घेतले नाही, कारण पावसाशी भांडण नसते.

एकोणिसाव्या शतकात वाफेने हे गणित बदलले. मुंबईच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दुसऱ्या दिवशी पणजीस लागू लागली. बोटीच्या डेकवर वळकटी पसरून रात्र काढलेल्या माणसांची एक पिढी अगदी अलीकडेपर्यंत या गोष्टी सांगत असे: वाऱ्यावर आलेला कोळशाचा धूर, बंदरात बोट थांबली की शिडीशी झोंबणारे पडाव, आणि पहाटे आग्वादचा दिवा दिसताच सगळ्या डेकवर उसळणारी गडबड.

आगगाडीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानुसार मार्मागोवा बंदरापासून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंत मीटर गेजचा लोहमार्ग घालण्याचे ठरले, आणि तो १८८८ च्या सुमारास पुरा झाला. घाटाचे नाव पोर्तुगालच्या राजघराण्यावरून ब्रागांझा घाट. दूधसागरचा धबधबा याच वाटेवर. मुंबईच्या उतारूला आधी पुण्यापर्यंत रुंद रुळांची गाडी, मग तेथे सामान उतरवून अरुंद रुळांची दुसरी गाडी, मग मिरज, बेळगाव, लोंढा. कॅसलरॉकला हिंदुस्थानचे कस्टम, घाट उतरल्यावर कुळ्यास पोर्तुगीजांचे कस्टम. ट्रंक दोनदा उघडायची, दोनदा बांधायची. अडीचशे मैलांच्या जागी साडेचारशेहून अधिक मैलांचा फेरा पडे, तरीही तो आनंदाने घेतला जाई; कारण भर पावसातही ही गाडी चालत असे. बंदर मिटण्याच्या शेकडो वर्षांच्या रिवाजाला या गाडीने शेवट आणला.

आणि मग माणसे लोटली. गोव्यातला खलाशी, आचारी, वादक, शिंपी, कारकून, शिक्षक पोटासाठी मुंबईला आला. धोबीतलाव, माझगाव, डाबूल या भागांत गावोगावच्या ‘कुडी’ उभ्या राहिल्या. कूड म्हणजे गावाने मुंबईत भाड्याने घेतलेली सामाईक बिऱ्हाडाची जागा. भिंतीशी वेदी, भोवती प्रत्येकाची ट्रंक, संध्याकाळी एकत्र प्रार्थना. जहाजावर नोकरी लागेपर्यंत माणूस तेथे राही आणि जहाजावरून परतला की पुन्हा तेथेच येई. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ यांची कीर्तीही याच वाटेने, गोव्याबाहेर पडून, मराठी मुलुखात पसरली. ज्याला आज गोव्याचे खास नाट्य म्हणतात त्या कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ च्या एप्रिलमध्ये झाला, तो गोव्यात नव्हे, मुंबईत! दोन शहरांतले अंतर किती कमी झाले होते याचे याहून चांगले माप शोधूनही सापडणार नाही. १९५२ च्या डिसेंबरात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाचे दर्शन भाविकांना खुले झाले, तेव्हा मुंबईचे यात्रेकरू बोटीने आणि गाडीने सहज जाऊन आले. त्यांतल्या कोणाच्या मनातही आले नसेल की दोनतीन वर्षांत ही वाट बंद होणार आहे.

हिंदुस्थान स्वतंत्र झाला, फ्रेंचांनी १९५४ मध्ये पाँडिचेरी सोडली. पण पोर्तुगालच्या सालाझार सरकारने गोवे ही वसाहत नसून पोर्तुगालचाच सागरापलीकडचा प्रांत आहे असा हट्ट धरला. १९५४ पासून दोन्ही बाजूंनी परवान्यांचे निर्बंध वाढत गेले. १९५५ च्या मे महिन्यापासून सत्याग्रहींच्या तुकड्या महाराष्ट्रातून सीमेकडे निघू लागल्या. नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिल्या तुकडीबरोबर होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी व इतर ठिकाणी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे जागच्या जागी ठार झाली. त्यानंतर दिल्लीने पणजीतली आपली वकिलात बंद केली. घाटातली गाडी थांबली. बोट थांबली. पैसे पाठविण्याची वाटही रोखली गेली.

या शेवटच्या वाक्याकडे इतिहासाची पुस्तके सहसा फारसे लक्ष देत नाहीत. गोव्यातल्या कित्येक घरांची चूल मुंबईहून येणाऱ्या पैशावर पेटत असे. ज्या घरातला कर्ता मुलगा धोबीतलावच्या कुडीत आणि म्हातारी आई बार्देशात किंवा साष्टीत, त्या घरापुरते मुंबई-गोवे हे अंतर किलोमीटरांचे नव्हतेच. ते दर महिन्याच्या पहिल्या आठवड्याचे होते. नाकेबंदीचा हेतू सालाझारला नमविण्याचा होता. सालाझार लिस्बनला होता, आणि त्याच्या ताटातले काही कमी झाले नाही.

गोव्याच्या बाजारात या काळात जे घडले ते भूगोलाच्या कोणत्याही शिक्षकाला बुचकळ्यात टाकील. बेळगाव पणजीपासून सरळ रेषेत ८० किलोमीटरांच्या आसपास आहे. बेळगावचा बटाटा, भाजी, घाटावरचा तांदूळ यांवर गोव्याचे स्वयंपाकघर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. नाकेबंदीत तोच बटाटा हॉलंडहून येऊ लागला. चहा सिलोनचा, सिमेंट जपानचे, दारू पोर्तुगालची. गोव्याच्या खाणींतले लोहखनिज परदेशी जहाजांनी जाई आणि त्याच्या पैशावर हा माल येई, म्हणून बाजारात टंचाईपेक्षा विलायती मालाची चमकच काही ठिकाणी अधिक दिसे. चोर्ल्याच्या घाटापलीकडचे गाव दूर गेले आणि ॲमस्टरडॅम जवळ आले! बेळगावच्या बागाइतदाराला गिऱ्हाईक गमवावे लागले, त्याचा हिशेब कोणी मांडून ठेवल्याचे दिसत नाही.

विमानाचीही अशीच गोष्ट. दाबोळीचा विमानतळ १९५५ मध्ये वापरात आला आणि त्याच साली पोर्तुगीज सरकारने गोव्याची स्वतःची विमान कंपनी काढली. तिची विमाने दमण, दीव आणि कराचीस जात. भारताच्या भूमीवरून उडण्याची मुभा नसल्याने समुद्रावरून वळसा घालीत. आता कल्पना करावी: मुंबईच्या एखाद्या माणसाला पणजीस विमानानेच जायचे झाले असते, तर त्याने आधी उलट दिशेस कराची गाठावी, म्हणजे सुमारे ८८० किलोमीटर, आणि तेथून १,२६० किलोमीटर दाबोळीस यावे. दोन्ही मिळून एकवीसशेच्या वर. फूटपट्टीवर ते अंतर ४१० होते. एरवी ज्याला दोन्हीकडचे परवाने मिळत तो सीमेपर्यंत मोटारीने जाई आणि दोन चौक्यांच्या मधला पट्टा डोक्यावर ट्रंक घेऊन पायी ओलांडी.

एका गोष्टीला मात्र परवाना लागत नव्हता. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सीमेलगतच्या रानातून एक गुप्त नभोवाणी बोलू लागली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे तरुण-तरुणी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलात राहून पोर्तुगीज व कोकणी भाषांत गोव्याला उद्देशून बोलत. ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे कोकणी कार्यक्रमाचे नाव. बाहेरच्या बातम्यांवर पोर्तुगीज सरकारची करडी नजर होती, आणि गोव्यातली माणसे दारे-खिडक्या लावून, आवाज बारीक करून हे ऐकत. जेथून गाडी हलत नव्हती, त्याच कॅसलरॉकच्या आसपासच्या रानातून शब्द घाट उतरून जात होता. पावसात, जळवांत, साप-विंचवांच्या सोबतीत सहा वर्षे हे काम चालले. त्या दोघांनी पुढे एकमेकांशी विवाह केला. २०२५ साली लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री जाहीर झाली.

१७ डिसेंबर १९६१ च्या रात्री बेळगाव परिसरात जमलेले भारतीय सैन्य हलले. १८ तारखेस पुणे आणि सांबरा येथून निघालेल्या विमानांनी दाबोळीची धावपट्टी आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र यांवर हल्ला केला. माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी वाटेवरचे पूल उडवून दिले होते, त्यामुळे पायदळाला कोकणची जुनीच अडचण भेटली: आडव्या नद्या. त्या संध्याकाळी उत्तरेकडून आलेली तुकडी बेतीस पोहोचली. समोर मांडवी, आणि पलीकडे अर्ध्या किलोमीटरवर पणजीचे दिवे. पूल नव्हताच. रात्र त्या काठावर गेली आणि १९ च्या सकाळी सैनिक होड्यांतून पार झाले. त्याच रात्री बाँब पडलेल्या दाबोळीच्या धावपट्टीवरून दोन प्रवासी विमाने पोर्तुगीज कुटुंबांना घेऊन अंधारात कराचीकडे निसटली होती. १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. सरदेसाई आणि लोबो यांना विमानात बसवून पणजीवर नेण्यात आले, आणि गोवे मुक्त झाल्याचे आकाशातून कर्ण्याने सांगण्यात आले. सहा वर्षे रानात लपून बोलणाऱ्यांना त्या दिवशी लपण्याची गरज राहिली नव्हती.

गाडी पुन्हा घाट उतरू लागली, बोट पुन्हा धक्क्यास लागली. १९६४ मध्ये झेवियर यांच्या शवाचे पुढचे दर्शन झाले, तेव्हा मुंबईच्या यात्रेकरूला कुळ्यास ट्रंक उघडावी लागली नाही.

पुढची हकीकत अभियंत्यांची आहे आणि ती थोडक्यात सांगितली तरी चालेल. मांडवीवर १९७० च्या सुमारास पूल झाला, तो १९८६ च्या जुलैत कोसळला आणि पणजीकर पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले. नवा पूल १९९२ मध्ये आला. जुवारीवरचा पूल १९८३ चा. कोकणची प्रवासी आगबोट १९८० च्या दशकाबरोबर संपली. हमरस्ता क्रमांक १७ चा ६६ झाला, पण नंबर बदलल्याने घाट सोपे होत नाहीत. सावित्रीवरचा महाडजवळचा इंग्रजी अमदानीतला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर प्रवाशांसह एस. टी. च्या दोन गाड्या. त्या रस्त्याच्या रुंदीकरणाला लागलेली वर्षे मोजावयास बसले तर मैलाचे दगड अपुरे पडतील.

कोकण रेल्वेला मात्र एक शब्द अधिक द्यायला हवा. तिचा ध्यास संसदेत वर्षानुवर्षे धरला तो राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी. वेंगुर्ल्यात जन्मलेले आणि बेळगावशी जन्माचे नाते असलेले पै १९७१ मध्ये गेले. त्यांच्यामागून त्याच मतदारसंघातून निवडून आलेले प्रा. मधू दंडवते हे १९५५ च्या गोवा सत्याग्रहात भाग घेतलेले गृहस्थ. ते १९९० मध्ये देशाचे अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वेचे महामंडळ स्थापन झाले, आणि ई. श्रीधरन यांच्या हाताखाली काम सुरू झाले. जवळजवळ दोन हजार पूल, नव्वदांवर बोगदे. २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग वाहतुकीस खुला झाला. आडव्या नद्यांना मिळालेले हे पहिले पुरते उत्तर. मुंबई ते मडगाव हा लोहमार्ग ५८० किलोमीटरांच्या आसपास आला. गंमत अशी, की बांधणीचा खर्च वसूल व्हावा म्हणून तिकिटाच्या हिशेबापुरते किलोमीटर प्रत्यक्षाहून बरेच अधिक धरण्यात आले. तेव्हा रुळांवर जे अंतर कमी झाले, त्यातले काही तिकिटावर परत लावले गेले! उतारूने मात्र कुरकुर केली नाही. घाटातल्या गाडीने आणि बोटीने चोवीस तास घालविलेल्या माणसाला किलोमीटरांची घासाघीस सुचत नाही.

जानेवारी २०२३ पासून गोव्याला दुसरा विमानतळ मिळाला, पेडणे तालुक्यातल्या मोप येथे. मुंबईपासून सरळ रेषेत तो ३८५ किलोमीटर, म्हणजे दाबोळीहून थोडा अलीकडे. विमान तासाभरात पठारावर उतरते. तेथून जवळच, हमरस्ता गोव्यात शिरतो त्या ठिकाणी, पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ च्या सकाळी पावसाने भिजलेली माणसे जेथवर चालत आली होती, ती जागा तीच.